धोदाणीच्या वाटेने

कळंबोली,
कार्तिक पौर्णिमा

चि. मुग्धास,


तुझं फर्मान ताईकडून पोचलं. डिसेंबरात येते आहेस आणि मामाने आधी धावायच्या वाटा कळवायच्या! ताई विचारत होती, पोरगी आईकडे येतेय की सरावाला? मी म्हटलं, येऊ तर दे, दोन्ही होईल.

तुझ्या स्वित्झर्लंडमधल्या फिस्पच्या वाटांचे फोटो मी पुन्हा काढून बघितले. डोंगराच्या कुशीतून जाणारा तो पाण्याचा अरुंद पाट आणि त्याला खेटून पायवाट. तुमचं वालिस खोरं पर्जन्यछायेतलं, आल्प्सच्या मानाने कोरडं. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी हिमनद्यांचं पाणी कातळ फोडून, लाकडी पन्हाळी लावून कुरणांवर आणि द्राक्षमळ्यांवर आणलं. पाण्याला सौम्य उतार लागतो, म्हणून वाटही सौम्य. पाटावर राखण ठेवणारा माणूस रोज तिथून चालायचा, त्याच्या पायांनी ती मळली. आज तुम्ही महागडे बूट घालून तिच्यावर धावता. याच दिशेने विचार केलास तर इथल्या वाटाही सापडतील. धावायची म्हणून आपल्याकडे वाट कुणी पाडत नाही. कुणीतरी पोटासाठी रोज जातं, ती वाट शोधायची.

आता कळंबोलीचं ऐक. आमच्याकडे पाणी आणायचा प्रश्न नाही, घालवायचा आहे. ही वसाहत सिडकोने भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेल्या सखल जमिनीवर वसवली, म्हणून धारण तलाव बांधावे लागले. भरतीला दारं मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं. ओहोटीला दारं उघडली की खाडीत जातं. आता तलावांत गाळ भरलाय, खारफुटी उगवलीय. खारफुटी तोडायची तर कोर्टाची परवानगी लागते, आणि गाळ काढायचा तर खारफुटी आडवी येते. २६ जुलै २००५ च्या पुरात काय झालं होतं ते तुझी आई सांगेल. तर सपाट पळायचं असेल त्या दिवशी तलावाच्या काठाकाठाने जा. बगळे, ढोकरी दिसतील. चढ म्हणशील तर स्पीडब्रेकर.

डोंगर मात्र आमच्या गॅलरीतून दिसतो. खारघरचा डोंगर हाकेच्या अंतरावर वाटतो, पण पायी जाऊन दाखव! इथून मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो, इथेच सायन-पनवेल महामार्ग येऊन मिळतो, जेएनपीटीचे कंटेनर इथूनच वळतात, आणि लोखंड बाजारात कॉइल घेऊन आलेले ट्रेलर सर्व्हिस रोडला रात्रभर उभे. माझी उभी नोकरी त्या बाजारात वजनकाट्यावर गेली, त्यामुळे ट्रेलरवाल्यांवर माझा राग नाही. बिचाऱ्यांना उभं राहायला दुसरी जागा कुठाय? पण माणसाला रस्ता ओलांडायला धड जागा नाही याचा राग आहे. ज्यांच्याकडे हे खातं आहे, त्यांना मी अर्ज दिला होता. पोच मिळाली. पोच अजून माझ्याकडे आहे, रस्ताही अजून तसाच आहे. तेव्हा डोंगराच्या पायथ्यापर्यंत स्कूटरने जाऊ. धावायला जायचं तर आधी पेट्रोल, असा आमचा व्यायाम.

खारघरच्या डोंगरावर चाफेवाडी, फणसवाडी हे आदिवासी पाडे आहेत. तिकडे चढणारा डांबरी रस्ता जागोजागी उखडलाय, पण तेच बरं, गाड्या कमी. सकाळी अर्धं खारघर तिथे चालत असतं. पावसाळ्यात पाड्यावरच्या बाया शेवळं, टाकळा, करटोली घेऊन याच वाटेने बाजाराला उतरतात. खाली पांडवकडा धबधबा. दर पावसाळ्यात तिथे बंदी लागते, कारण तिथे माणसं बुडाली आहेत. धबधब्याखालच्या डोहाला बंदी योग्यच. पण बंदीचा फलक सोडून दुसरा कुठलाही फलक आपल्याला सुचत नाही, हे मला पटत नाही. तुमच्याकडे डोंगरवाटांवरच्या पिवळ्या पाटीवर किलोमीटर नसतात, वेळ असतो: अमुक गाव एक तास वीस मिनिटं. किती शहाणपणाची गोष्ट! डोंगरात अंतराला कोण विचारतो?

हवेबद्दल एक सांगून ठेवतो. आपल्याकडे पहाटे उठून पळायचं खूळ आहे. हिवाळ्यात इथे ते करू नकोस. थंड हवा जड, ती तळाशी बसते, आणि तळोजा एमआयडीसीचा धूर तिच्यातच कोंडला जातो. तुमच्या देशात हिवाळ्यात सखल भागात धुकं साचतं आणि वरच्या गावात लख्ख ऊन असतं, तोच प्रकार. २०१७ मध्ये तळोज्याची कुत्री निळी झाली होती, फोटो तुमच्याकडेही पोचले असतील. कारखान्याच्या रंगाने. तेव्हा ऊन थोडं वर आलं की निघायचं, किंवा सरळ उंची गाठायची.

उंची गाठायची तर धोदाणी. हे पत्र खरं तर त्यासाठीच.

सगळं जग माथेरानला नेरळकडून जातं, १९०७ च्या त्या छोट्या गाडीने नाहीतर दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीने. पण माथेरानची पश्चिमेची बाजू आपल्या पनवेल तालुक्यात उतरते. पायथ्याशी धोदाणी. पनवेलहून एसटी जाते. तिथून सनसेट पॉइंटला चढणारी वाट म्हणजे सहाशे-सातशे मीटरचा उभा चढ. तुझ्या हिशेबात काहीच नाही, म्हणशील. तुमची ती सिएर-झिनालची शर्यत, १९७४ पासून चालू असलेली, एकतीस किलोमीटरात बावीसशे मीटर चढते. तिच्यापुढे हे किरकोळ. पण तुझ्या फिस्पची हवा कोरडी, इथली दमट. घाम येतो, तो वाळत नाही, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. त्याच वेगाने चढलीस तर नाडी कितीतरी वर जाईल. पहिल्या दिवशी घड्याळाकडे बघूच नकोस.

सुरुवात शेताच्या बांधावरून, मग झाडी, मग सोंडेवरून चढ. पायाखाली आधी मुरूम, वर कातळ, आणि मधे घसारा. बारीक खडी कोरड्या मातीवर सुटी पडलेली असते, पाय ठेवला की सरकते. चढताना दम जातो, उतरताना गुडघे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असताना भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. तुझी आई बाजूलाच असेल, ते सोडून दे.

या वाटेने खालच्या वाड्यांतली माणसं माथेरानला कामाला जातात, दूध-भाजी पोचवतात. गेल्या हिवाळ्यात मी घसाऱ्यावर दोन्ही हात टेकून उतरत होतो. मागून एक बाई आल्या, साठीच्या तरी असतील. डोक्यावर रिकामी पाटी, पायात रबरी स्लिपर. मी बाजूला झालो आणि फक्त त्यांचे पाय बघत राहिलो. पाऊल अगदी छोटं. टाच आधी नाही, चवडा आधी नाही, अख्खा तळवा एकदम. गुडघा कधीच ताठ नाही. दगड हलला तर थांबायचं नाही, पाय आधीच पुढच्या जागी. मान जराही हलली नाही. "बसून उतरू नका बाबा, बसलं की घसरतं," एवढं म्हणाल्या आणि वळणाआड गेल्या. तुझ्या त्या धावण्याच्या ॲपने मला इतकं नेमकं कधी सांगितलेलं नाही.

वर पोचल्यावर मोटार नाही, म्हणून लाल मातीत मनसोक्त पळता येतं, असं मी लिहिलं असतं. आता बऱ्याच रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक आलेत. ई-रिक्षाला ते बरे, पावसात माती वाहून जाते हेही खरं, आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांचे हाल ज्यांनी पाहिलेत ते माझ्याशी भांडतील. गुडघ्यांच्या बाजूने मी मातीवर ठाम आहे. कडेने मातीचा पट्टा शिल्लक असतो, तो धर.

बाकीच्या वाटा थोडक्यात. कलावंतीण आणि प्रबळगड रविवारी नको, पायऱ्यांवर रांग लागते. कर्नाळ्याच्या अभयारण्यात हरियाल आणि मोरटका या वाटा सुंदर आहेत, पण तिथे पळायचं नाही, पक्ष्यांना आपली घाई कशाला? आणि पुन्हा कधी पावसाळ्याच्या शेवटी आलीस तर साताऱ्याला जाऊ. २०१२ पासून तिथे डोंगरी अर्धमॅरेथॉन होते, गावातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि परत. घाटाच्या वळणांवर सातारकर ढोल-ताशे घेऊन उभे असतात. दम लागलाय हे दाखवायची लाज वाटते.

एक काम कर. तिकडच्या त्या पिवळ्या पाटीचा जवळून फोटो काढून आण, अक्षर, बाण, रंग सगळं नीट दिसेल असा. धोदाणीतल्या एका सुताराशी मी बोलून ठेवलंय. पाटी लाकडाची करू, दोनच ओळी: वर जायला किती वेळ, आणि पाणी कुठे आहे. वेळ कुणाचा धरायचा यावर मात्र आमचं अडलंय. तो म्हणतो गावातल्या माणसाचा, मी म्हणतो माझा. तुझा धरायचा नाही यावर एकमत आहे.

डिसेंबरात वालाच्या शेंगा आलेल्या असतील, मडक्यात पोपटी लावू. भांबुर्डीचा पाला धोदाणीच्या बांधावरूनच आणता येईल. एसटी सकाळची पकडायची, हे आताच सांगतो, म्हणजे आदल्या रात्री गप्पा मारत बसणार नाहीस.

माझ्यासाठी बूट आणू नकोस, माझे अजून चालतात.

तुझा,
मामा