काचेचं सामान

हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दोन प्रकारचे हितचिंतक भेटतात. पहिले म्हणतात, "आता जपून हं. जिना चढू नकोस, बादली उचलू नकोस, चिडूसुद्धा नकोस." दुसरे व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवतात. त्यात बायपास झालेले कुणी आजोबा विमानातून उडी मारत असतात आणि खाली लिहिलेलं असतं, "मनात आणलं तर काहीही शक्य आहे!" पहिल्यांच्या लेखी मी काचेचं सामान आणि दुसऱ्यांच्या लेखी भिंतीवरचं पोस्टर. मला यातलं काहीच व्हायचं नव्हतं. मला फक्त डोंगर चढायचा होता.

आधी केस सांगते. माझ्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत जन्मापासून भोक होतं. डॉक्टरी भाषेत एएसडी. डावीकडचं थोडं रक्त दर ठोक्याला उजवीकडे शिरायचं आणि उजवी बाजू बिचारी ओव्हरटाइम करून मोठी होत चालली होती. मला दम लागायचा, पण आयटीत कुणाला लागत नाही? कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये डॉक्टरांना वेगळा आवाज ऐकू आला, इको झाली आणि उलगडा झाला. अशी बरीच भोकं हल्ली मांडीतल्या शिरेतून छत्रीसारखं उपकरण नेऊन बंद करतात. माझं भोक अशा जागी होतं की छत्री पकडायला कडच नव्हती. मग छाती उघडणं आलं.

जानेवारी 2023 मध्ये पुण्यात ऑपरेशन झालं. हृदयाभोवती जी पिशवी असते, तिचाच एक तुकडा कापून भोकावर शिवला. त्याला म्हणतात पॅच! आमच्या धंद्यात शुक्रवारी संध्याकाळी पॅच टाकला तर शनिवार-रविवार झोप लागत नाही, आणि इथे तर तो माझ्या छातीतच. :)

भरतीच्या आदल्या रात्री मी वाचत बसले होते. 6 मे 1953 ला फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. पेशंट होती 18 वर्षांची मुलगी, आणि तिचा आजारही एएसडीच. म्हणजे हे सगळं तंत्र माझ्याच भोकापासून सुरू झालेलं. कुणाला कशाने धीर येईल सांगता येत नाही, मला त्याने आला.

पुढचे अडीच महिने जामनेरला. छातीचं मधलं हाड कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं असतं आणि ते नीट जुळायला साधारण तीन महिने लागतात. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. गाडी चालवायची नाही, ओझं उचलायचं नाही. ओझं म्हणजे किती, असं आईने विचारलं तेव्हा मीच आमच्या भागाचं माप काढलं: केळीची फणी चालेल, घड नाही.

चालायचं मात्र रोज. आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग कांग नदीच्या पुलापर्यंत. खानदेशातला मार्च म्हणजे सकाळी आठनंतर बाहेर पडायची सोय नाही, म्हणून साडेसहालाच निघायचं. वेगाचा नियम सोपा होता. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता यायला नको. मी पप्पांशी गप्पा मारत चालायचे आणि गल्लीतल्या आजी ओट्यावरून ओरडायच्या, "काय व माय, हार्टाचं आप्रेशन झालं अन् पोरगी फिरू राहिली!"

या काळजीत माया होती, नाही म्हणत नाही. पण एक हिशोबही होता. मी तेव्हा 26 वर्षांची आणि स्थळं बघणं सुरू झालेलं. नातेवाइकांचं म्हणणं, ऑपरेशनचं कुणाला कळू द्यायचं नाही आणि फोटोत गळाबंद ड्रेस घालायचा. मी बायोडाटात सरळ एक ओळ टाकली. दोन घरांनी "कळवतो" म्हटलं, ते अजून कळवताहेत. आई रात्री स्वयंपाकघरात रडायची. तिला मी बरी झालेली दिसतच नव्हते. रिपोर्ट कितीही चांगला येवो, तिच्या डोळ्यांसमोर आयसीयूतलीच मी.

मग मी डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, "डोंगर चढू का?" त्यांनी हो किंवा नाही म्हटलंच नाही. इको करायला लावली आणि मग ट्रेडमिलवर चढवलं. यात दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो, वर ईसीजी चालू. आपल्या भाषेत लोड टेस्टिंग. मी नऊ मिनिटं टिकले, म्हणजे बसल्याजागी लागतो त्याच्या साधारण दहापट ऑक्सिजन शरीराला वापरता आला. सॅक घेऊन डोंगर चढायला सात-आठपट लागतो. आता "मनात आणलं तर" या वाक्याला आकडा मिळाला.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. "हृदयाचं ऑपरेशन" असं एकच ऑपरेशन नसतं. काय दुरुस्त केलं, त्यावर पुढचं ठरतं. धातूची झडप बसवली असेल तर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर, म्हणून पडण्याझडण्याचे खेळ धोक्याचे. बीटा ब्लॉकर चालू असतील तर नाडी फारशी वाढत नाही, मग घड्याळातल्या आकड्यावर विसंबून चालत नाही. प्रत्यारोपणात हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, त्यामुळे ठोके हळूहळू वाढतात आणि वॉर्मअपला बराच वेळ द्यावा लागतो. अमेरिकेच्या केली पर्किन्स यांच्यावर 1995 मध्ये हृदय प्रत्यारोपण झालं, आणि तसं हृदय घेऊन त्या 2003 मध्ये 4478 मीटर उंच मॅटरहॉर्नवर गेल्या. व्हिडिओत शिखर दिसतं, मधली आठ वर्षं दिसत नाहीत.

माझ्यापुरतं उत्तर असं मिळालं: ट्रेक कर, पायरीपायरीने. तारकर्लीचं स्कूबा मात्र वेगळी तपासणी करून. कारण खोलातून वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, आणि पॅचच्या कडेने जराशी गळती उरली असेल तर ते डावीकडे जाऊन मेंदूपर्यंत पोचू शकतात. लेह साधारण 3500 मीटरवर, तिथे ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच. ऑफिसच्या ग्रुपची लेह ट्रिप होती, ती मी त्या वर्षी सोडली.

ऑगस्टमध्ये पहिला चढ केला. हिमालय वगैरे नाही, घरचाच अजिंठा. जामनेरहून पहूर, वाकोद, फर्दापूर. लेण्यांपासून वाघूर ओलांडून समोरच्या व्ह्यू पॉइंटला चढायचं. 1819 मध्ये जॉन स्मिथला समोरच्या डोंगरावरूनच लेणी दिसली, असं सांगतात. ट्रेकर मंडळी याला ट्रेक म्हणणार नाहीत. म्हणू देत. पायऱ्या ओल्या होत्या, पप्पा माझ्या मागे, आणि त्यांचा एक हात सतत माझ्या पाठीपासून वीतभर अंतरावर. धरत नव्हते, पण हात खालीही घेत नव्हते. अर्ध्या वाटेवर मागचा श्वास जड झाला. वळून बघते तर पप्पा घामाने निथळत कठड्याला टेकलेले. मला अजून बोलता येत होतं. मी त्यांची बाटली माझ्या सॅकमध्ये टाकली आणि दर वीस पायऱ्यांना थांबत आम्ही वर पोचलो.

पुढच्याच आठवड्यात पप्पांना तपासायला नेलं. बीपी निघालं, बरंच वाढलेलं. 56 वर्षांत त्यांनी स्वतःचं कधी मोजलंच नव्हतं. कपाटात डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' कित्येक वर्षं होतं, डॉ. बंग यांना तर 44 व्या वर्षीच झटका आला होता. पण पुस्तक कपाटात असणं वेगळं आणि बीपीची गोळी डब्यात असणं वेगळं. आता कांगच्या पुलापर्यंत ते रोज जातात, माझ्याशिवाय.

डिसेंबरात कळसूबाई केलं. 1646 मीटर, लोखंडी शिड्यांसकट. टी-शर्टच्या गळ्यातून दिसणाऱ्या व्रणासकट फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याने लिहिलं, "फोटो चांगला आहे, पण ओढणी घ्यायची ना." आईने काहीच लिहिलं नाही. रात्री फोन आला. मी बोलणी खायच्या तयारीत. तर म्हणते, "त्या शिड्या हलत्या का गं?"

"नाही, पक्क्या आहेत."

"बरं. ते अजिंठ्याचं मला जमेल का?"

आधी तपासणी, मग अजिंठा, असं सांगितलंय. तिचे गुडघे आहेत, वय 52 आहे आणि ट्रेडमिलचं नाव काढलं की ती हसत सुटते. असो. तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर व्हिडिओ पाठवू नका आणि बादलीही हिसकावू नका. डॉक्टरांकडे सोबत जा आणि नेमकं काय दुरुस्त झालंय ते विचारा. पुढच्या रविवारी जळगावला अपॉइंटमेंट आहे, आई आणि मी. नाश्ता न करता यायचं का, हे तिने आत्तापर्यंत तीनदा विचारलंय.