खडा

गेल्या हिवाळ्यात अब्बांना घेऊन वर्ध्याहून गिरडला निघालो. समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा. वाटेत रस्त्याचं काम चालू होतं, नुसती गिट्टी. ती संपली आणि पुढच्या चाकातून कर्कश किरकिर सुरू झाली. मागे मुलं बसलेली. मी घाबरलो.

अब्बांनी उभं आयुष्य ट्रक चालवला. कुठला नट ढिला झालाय, हे ते आवाजावरून सांगत. आज शेजारी बसूनही त्यांना काही ऐकू आलं नव्हतं. मी मोठ्यानं सांगितलं.

"ब्रेक दाबल्यावर वाजतं, की न दाबताही?"

"न दाबताही, अब्बा."

"मग बहुतेक खडा असेल. डिस्क आणि मागच्या पत्र्यात अडकलाय. हळू मागे-पुढे घे. नाही थांबलं तर चाक खोलू."

तिसऱ्या खेपेला किरकिर थांबली.

गिरडच्या टेकडीवर गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या सौदागरांच्या मालाचेच ते दगड झाले, अशी आख्यायिका आहे. मुलं ते पाहण्यात रमली.

परतताना अब्बांनी विचारलं, "आता वाजत नाही ना?"

"नाही, अब्बा."

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती.