भिंतीतली ओल



मागे एकदा आमच्या बाळापूरच्या घराबद्दल लिहिलं होतं. खाली दगड, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, बैठकीवर माळवद आणि लागून असलेल्या जेवणाच्या खोलीवर पत्रे. बऱ्याच वर्षांपूर्वी घर ‘पक्कं’ दिसावं म्हणून आम्ही आतून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर ऑईलपेंट मारला. पाहुणे कौतुक करायचे. मलाही बरं वाटायचं.

२१ मार्च २०२४ ची सकाळ. सहा वाजून गेले होते. मी पाणी गाळत होते. जमिनीतून घरघर आली आणि फळीवरची पितळी भांडी वाजायला लागली. सासूबाई जपमाळ हातात धरून अंगणात, त्यांच्यामागे मी. तो धक्का ४.५ रिश्टरचा होता, दहा-बारा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. केंद्र आपल्या बाळापूरजवळच, जांबकडे. १९९३ चं किल्लारी ज्यांनी ऐकलंय, पाहिलंय, त्यांना वेगळं काही सांगायला नको. जड माळवदं आणि दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या होत्या.

पत्र्यांवर ठेवलेले दगड काढा, असं प्रशासनाने सांगितलं. आमच्याही पत्र्यांवर होतेच. यांनी ते त्याच दिवशी उतरवले, पत्रे आकड्यांनी आवळले. मी फळीवरचे हंडे-कळश्या खाली घेतल्या. तेव्हा दिसलं की बैठक आणि जेवणाच्या खोलीमधल्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेलीय. बोटाने वाजवून पाहिलं तर आत पोकळ. जरा ओढलं आणि परातीएवढा पोपडा हातात आला. मागे काळी ओली माती, आणि मातीतून थेट चौकटीपर्यंत गेलेल्या वाळवीच्या वाटा.

दुकानदार म्हणाला, भोकं पाडून औषध ओता, एका दिवसाचं काम. खरं सांगते, मी पैसे काढून ठेवले होते. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “ओत बाई. पण रोज त्याच भिंतीला टेकून जेवायलीस, हे ध्यानात ठेव.”

रात्री झोप लागेना. आपण पाठशाळेत शिकलो ते आठवत होतं. संसार म्हटला की चूल, झाडू, बांधकाम यांत आरंभी हिंसा होतेच, ती गृहस्थाला पूर्ण टळत नाही. पण ठरवून मारणं ती संकल्पी, ती सोडायची. मग हे औषध कशात बसतं? घर वाचवणं म्हणून आरंभी म्हणायचं, की मारायलाच निघालेय म्हणून संकल्पी? मला उत्तर सापडलं नाही. एवढं मात्र कळलं, की दुसरा रस्ता शोधायच्या आधीच मी पैसे काढले होते.

दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्याने मातीचा गोळा हातात दाबला आणि म्हणाला, “वहिनी, वाळवी मागून आली. आधी ओल आली.” भिंतीच्या पलीकडे आमची मोरी. तिचा पाइप गळत होता. मातीची भिंत ओल घेते तशी सोडतेही. पण दोन्हीकडून सिमेंट आणि वर ऑईलपेंट, मग ती ओल जाणार कुठून? जमिनीतल्या वाळवीला ओल आणि अंधार लागतो. दोन्ही आम्हीच दिले होते.

मग कामाचे दोन भाग केले. माळवदावर दरवर्षी टाकून टाकून साचलेली जादा माती उतरवणं, तुळया तपासणं, चौकटीचा कुजलेला पाय कापून खाली दगड बसवणं, हे गवंडी आणि सुताराचं. अशा कामात आपण हात घालू नये. बाकीचं माझं. आधी मोरीचा पाइप बदलला. मग रोज दुपारी छिन्नी-हातोडी घेऊन सिमेंट उतरवलं, आधी मऊ झाडणीने झाडून. एप्रिल-मेच्या उन्हात भिंत उघडीच ठेवली. महिन्याभरात तिचा रंग काळ्याचा पांढरा झाला.

वाळवी लागलेला लाकडाचा तुकडा सुतार चुलीत घालायला निघाला होता. सासूबाईंनी तो घमेल्यात घेतला आणि शेताच्या बांधावर झाडाखाली ठेवून आल्या. त्यातली किती जगली कोण जाणे. खरवडताना माझ्या हातूनही मेल्या. संध्याकाळी आलोचना पाठ म्हणताना त्या भिंतीचं नाव घ्यावं लागायचं.

गिलाव्याला माती आणि गव्हाचं भुसकट. लोक ते आठवडाभर कुजत ठेवतात. मी गाळलेल्या पाण्यात लागेल तेवढंच कालवलं आणि त्याच दिवशी संपवलं. मग पकड थोडी कमी येते, म्हणून थर पातळ दिले. वरून चुन्याचे तीन पातळ हात. चुना भिजवताना उकळतो, डोळे आणि हात जपा. ब्रश घेताना विचारा. पुष्कळ ब्रश डुकराच्या केसांचे असतात. मी नायलॉनचा घेतला. चौकटीला फ्रेंच पॉलिश केलं नाही, कारण ते लाखेचं, म्हणजे किड्यांपासूनचं. जवसाचं तेल चोळलं. ती तेलकट फडकी मात्र गोळा करून ठेवू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

जेवणाच्या खोलीतल्या एका पत्र्याच्या जागी पारदर्शक पत्रा टाकला. आता दिवस मावळायच्या आतलं जेवण दिवा न लावता होतं.

१० जुलैला सकाळी पुन्हा धरणी हलली. आम्ही पुन्हा अंगणात. आत येऊन पाहिलं तर चुन्यात केसाएवढी एक चीर होती. चुन्यामुळे घर भूकंपाला टिकतं असं मी म्हणणार नाही, वजन उतरवलं ते महत्त्वाचं. पण आता भिंत काही लपवत नाही. चौमासा तोंडावर होता, वाटीभर चुना कालवून चीर त्याच दुपारी भरून घेतली.

सासूबाई जेवायला बसताना आता त्याच भिंतीला टेकतात. पदराला पांढरं लागतं, म्हणून रोज मला बोलतात.

तुमच्या घरात पोपडा आला असेल, तर रंगाचा डबा आणायच्या आधी भिंतीच्या पलीकडे काय आहे ते एकदा बघा.

जय जिनेंद्र.