पाण्यापेक्षा खोल शेतं

अलप्पुळ्याच्या जेट्टीवर पाय ठेवला की हाउसबोटीचे दलाल गराडा घालतात. त्यांना चुकवून कोट्टयमच्या सरकारी बोटीचं तिकीट काढलं. केरळच्या जलवाहतूक खात्याची ही बोट म्हणजे पाण्यावरची एसटीच. शाळकरी पोरं, बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या बायका, तिकिटं फाडणारा कंडक्टर, सगळं आलं. पुढे चाकावर बसलेला सारंग दोरी ओढून घंटा वाजवतो आणि मागे इंजिनापाशी बसलेला माणूस त्या इशाऱ्यावर वेग कमी-जास्त करतो.

बोट सुटते ती कालव्यातून. त्रावणकोरचे दिवाण राजा केशवदास यांनी अठराव्या शतकात इथे बंदर वसवलं, कालवे खोदवले, कच्छ-गुजरातचे व्यापारी आणून बसवले. मिरी, खोबरं, काथ्या आतल्या मुलखातून होड्यांनी यायचा आणि जहाजांवर चढायचा. १८५९ मध्ये काथ्याचा पहिला कारखाना निघाला, १८६२ मध्ये दीपगृह उभं राहिलं. पुढे कोची बंदर वाढलं आणि अलप्पुळ्याचं महत्त्व ओसरलं. आज हाउसबोट म्हणून मिरवणारं केट्टुवळ्ळम हे मुळात भात वाहणारं गलबत. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा एकही नाही. आता त्यात एसी बसवतात.

पुन्नमडा ओलांडून वेंबनाड तलावात शिरलो आणि डावी-उजवी नजर टाकली तेव्हा खरी गंमत दिसली. बोट वर आणि शेत खाली! बांधावर माडांची रांग, बांधाच्या अलीकडे तलाव, पलीकडे दीड-दोन मीटर खोल पिवळं पडू लागलेलं भात. कुट्टनाडची ही शेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. आपल्याकडे कोकणातली खारभूमी आणि गोव्यातली खाजणं पाहिलेल्याला बांध घालून पाणी अडवणं नवं नाही. पण इथे चक्क तलावाचा तळच शेतीला घेतलाय.

तो घेतला कसा, हे ऐकण्यासारखं आहे. तळात माडाच्या खोडांच्या दोन रांगा ठोकायच्या, त्यांना बांबूचे तट्टे लावायचे आणि मधे चिखल भरायचा. तो चिखल आणायला माणसं बुड्या मारायची. मग आतलं पाणी बाहेर काढायचं. आधी पायाने चालवायच्या चक्रांनी, नंतर इंजिनांनी. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, त्रावणकोरात उपासमार सुरू झाली, आणि सरकारच्या प्रोत्साहनाने जोसेफ मुरिक्कन या जमीनदाराने तीन मोठे कायल, म्हणजे तलावातून काढलेली शेतं, उठवले. चित्तिरा, मार्तंडम, राणी ही त्यांची नावं राजघराण्यातल्या माणसांवरून पडली. बुड्या मारणारे होते पुलय आणि परय समाजाचे मजूर; त्यांच्या नावाचा एकही कायल मला सापडला नाही. सत्तरच्या दशकात जमीनसुधारणेत मुरिक्कनची ही जमीन गेली, तेव्हा तिचे तुकडे भूमिहीन मजुरांच्या वाट्याला आले. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या शेतीला जागतिक वारसा-शेतीचा मान दिला.

मानाने बांध टिकत नाही. २०१८ च्या पुरात बांध फुटले आणि कुट्टनाडची घरंच्या घरं रिकामी करावी लागली. उत्तरेला तण्णीरमुक्कमचा बंधारा आहे. उन्हाळ्यात समुद्राचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून त्याची दारं बंद ठेवतात. भात वाचतं, पण पाणी कोंडतं, जलपर्णी माजते आणि खाडीतून येणाऱ्या मासळीची वाट अडते. म्हणून शेतकरी आणि मच्छीमार यांचं या दारांवरून जमत नाही. दोघांचंही म्हणणं मला पटलं. दुपारच्या जेवणात करीमीन, म्हणजे आपला काळुंदर, आला तेव्हा मात्र मी उघडपणे मच्छीमारांच्या बाजूला होतो.

कोट्टयम जवळ आलं की कालवा इतका अरुंद होतो की दोन्ही काठांवरची धुणी हाताला लागतील. मधेच एक लाकडी पादचारी पूल आडवा येतो. बोट भोंगा देते, काठावरचा माणूस दोर ओढून पूल वर उचलतो, बोट गेली की खाली सोडतो.

हाउसबोट घ्यायची तर खुशाल घ्या, पण आधी या बोटीने जा. आणि जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत. पावसाळ्यात शेतांत पाणी भरलेलं असतं, तेव्हा तलाव कुठे संपला आणि शेत कुठे सुरू झालं ते कळत नाही.