नुकसानभरपाई मागितली, त्याबद्दल

अपघाताचे पैसे घेणं मला कमीपणाचं वाटायचं. दारू पिऊन कुणी अंगावर गाडी घातली तर त्याला तुरुंगात टाकावं, त्याचं लायसन काढून घ्यावं; पण आपण पैसे मागणं म्हणजे आपल्याच हातापायांचा भाव करणं, असं माझं ठाम मत होतं. आज ते राहिलेलं नाही. लालबाग-परळच्या कितीतरी बायकांना मी ते मत तावातावाने ऐकवलं आहे, म्हणून ते का बदललं हेही मला त्यांना सांगायचं आहे.

त्या मतामागे कारण होतं. २००६ च्या नोव्हेंबरात वांद्र्याच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली. ७ जण मेले, ८ जखमी झाले. गाडी चालवणारा अ‍ॅलिस्टर परेरा दारूच्या अंमलाखाली होता. पुढच्या वर्षी सत्र न्यायालयाने त्याला ६ महिन्यांची कैद दिली आणि ५ लाख रुपये भरायला सांगितले, तेव्हा आमच्या चाळीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच होतं, पैसे भरले की सुटका. उच्च न्यायालयाने शिक्षा ३ वर्षांवर नेली आणि २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, हे फार कमी जणांच्या लक्षात राहिलं. माझ्याही नाही. पैसे आणि सुटका यांची गाठ मनात बसली ती बसलीच.

मी घरगुती डबे करते. पहाटे दादरला भाजी आणायला निघाले असताना डॉ. आंबेडकर रोडवर एका गाडीने मला उडवलं. चालवणारा प्यायलेला होता. पोलिसांनी रक्त तपासलं, त्यात दारू आली. माझा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला, आत रॉड घालावा लागला. घरी आल्यावर गाडीमालकाकडून एक माणूस पाकीट घेऊन आला. “ताई, जे झालं ते झालं, जबाब जरा सांभाळून द्या,” म्हणाला. मी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. त्यानंतर भाच्याने न्यायाधिकरणात दावा लावायचा विषय काढला, तेव्हा मला ते दुसरं पाकीटच वाटलं, फक्त सरकारी शिक्क्याचं.

मला थांबवलं ते माझ्या सासऱ्यांनी. अण्णांनी सारी उमर गिरणीच्या साचेखात्यात काढली. ते म्हणाले, “अगं, धोटा उडून माझ्या शेजारच्या साचेवाल्याचा डोळा गेला. युनियनने त्याला भरपाई मिळवून दिली. त्याने डोळा विकला, असं कोण म्हणालं? त्याच्या हक्काचं होतं ते.” कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. कोणता अवयव गेला तर कमाईची ताकद किती टक्के घटली, याचा तक्ताच त्यात होता. गिरणगावातल्या घराघरांत हा कायदा ठाऊक होता आणि ते पैसे घेताना कुणाची मान खाली गेली नाही. त्याच घरात मी सून म्हणून आले आणि रस्त्यावर मोडलेल्या पायाला मात्र वेगळा न्याय लावत होते. पाकीट गप्प बसण्यासाठी असतं. दाव्यात तर उघड कोर्टात उभं राहून बोलावं लागतं.

बोलावं लागतं म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळलं. फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा असतो. त्यात मी साक्षीदार. गाडीचा रंग कोणता, कुठून आली, वेग किती असेल, एवढंच मला विचारायचं. ते विचारायलाच हवं. रक्तात १०० मिलीलीटरला ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त दारू घेऊन गाडी चालवणं गुन्हाच आहे आणि तो शाबीत व्हायला साक्ष लागते. पण फोर्टातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मी अर्जदार होते. तिथे मला विचारलं, जिने किती चढता? उभं राहून किती वेळ पोळ्या लाटता येतात? डबे आता कोण पोचवतं? अपघाताने माझ्या आयुष्याचं काय केलं, हे सरकारच्या कुठल्याही कागदावर पहिल्यांदा तिथे लिहिलं गेलं. मी शपथेवर सांगत होते आणि समोरचा कारकून ते टाइप करत होता. मला रडू आलं, पण मी थांबले नाही.

विमा कंपनीच्या वकिलांचं म्हणणं, या गृहिणी आहेत, उत्पन्नाचा पुरावा काय? माझ्याकडे पगाराची चिठ्ठी नाही, डब्यांची वही आहे. कुणाचे किती डबे, कुणी किती दिले, कुणाची बाकी, सगळं माझ्या हातचं. ती वही दाखल झाली, दोन गिऱ्हाइकांनी येऊन साक्ष दिली. आणि गृहिणी म्हटलं म्हणून काय झालं? घरात राबणाऱ्या बाईच्या कामालाही पैशातलं मोल धरलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालात स्पष्ट सांगितलेलं आहे.

दुसरा वाद टक्क्यांचा. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व ३० टक्के. कमाई तेवढीच घटली असं धरा, असं कंपनी म्हणत होती. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याचा उलगडा केला आहे: डावा हात गेलेल्या सुताराची जवळजवळ सगळी कमाई बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के एक नव्हेत. माझं काम उभ्याने करायचं आणि चाळीचे जिने चढून पोचवायचं. न्यायाधिकरणाने ते मानलं.

ड्रायव्हर प्यायलेला होता म्हणजे विमा कंपनी एक पैसा देणार नाही, असं मला जो भेटला त्याने सांगितलं. हा समज फार लोकांचं नुकसान करतो. सक्तीचा थर्ड पार्टी विमा रस्त्यावरच्या आपल्यासारख्यांसाठीच असतो. मालकाने पॉलिसीची अट मोडली तर कंपनीने आधी जखमी माणसाला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. दारूच्या बाबतीत केरळ उच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये हेच सांगितलं. माझ्या दाव्यात तसाच आदेश झाला. आणखी एक सांगते. दाव्याची मुदत १९९४ साली कायद्यातून काढली होती, ती २०२२ च्या एप्रिलपासून पुन्हा आली आहे, अपघातापासून ६ महिने. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये. माझ्या हट्टापायी आमची मुदत जायची, ती थोडक्यात वाचली.

२०२४ च्या जुलैत वरळीत स्कूटरवरून मासळी घेऊन परतणाऱ्या कोळी नवराबायकोला गाडीने उडवलं, बाई गेली. आमच्या गल्लीत फाशीच्या गोष्टी झाल्या, आरोपी कुणाचा मुलगा, कुठे बसला होता, हेच सगळे बोलत होते. तिच्या पाटीवर जे घर चालत होतं ते आता कसं चालेल, हे मी विचारलं तर बायका माझ्याकडे बघत राहिल्या. काही वर्षांपूर्वी मीही तशीच बघितली असती.

आरोपीला शिक्षा व्हावी असं मला अजून वाटतं. खटला चालू आहे, बोलावतील तेव्हा साक्षीला जाईन. भरपाईतला काही भाग न्यायाधिकरणाने माझ्या नावावर मुदत ठेवीत ठेवायला लावला. उरलेल्यातून औषधपाण्याचं कर्ज फेडलं आणि पोळ्यांना बाई ठेवली. डबे पुन्हा सुरू आहेत. सोसलेल्या यातनांपोटी जी रक्कम धरली आहे ती मला फारच तुटपुंजी वाटते, म्हणून वकिलांना उच्च न्यायालयात अपील करायला सांगितलं आहे.