बिजासनच्या घाटात

आग्रा-मुंबई रस्त्याने इंदूरहून धुळ्यास भगिनीच्या लग्नाचे रुखवत घेऊन आम्ही निघालो होतो. सेंधव्यापुढे, बिजासनमातेच्या देवळापाशी चहासाठी थांबलेला जुना मालट्रक पुन्हा सुरूच होईना. मुहूर्त दुसऱ्या दिवशी सकाळचा! आमचा जीव टांगणीला लागला. चालककाका मात्र शांत होते.

"इंजिन जोमाने फिरते, म्हणजे बॅटरी ठीक आहे. पण धूर मुळीच नाही. डिझेल पोहोचत नसावे."

त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. फेसाळलेले डिझेल आले. टाकीकडील नळीच्या सांध्यातला वॉशर झिजून आत हवा शिरली होती. वॉशर बदलून बुडबुडे थांबेपर्यंत त्यांनी पंप मारला. इंजिन धडधडले. देवीस हात जोडून आम्ही घाट उतरलो. लग्नघरी आमच्याआधी काकांना पाट मांडला गेला.