ताण मनाचा नव्हे, पेशींचा!

मैत्रिणींनो, घरात एखादीला दमा असला, की उपदेशाला तोटा नसतो. "तू सगळं फार मनाला लावून घेतेस गं," हे तर मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. मनस्तापानं धाप वाढते, हे खरंच. पण दम्यात आणखी एक ताण असतो. तो पेशींवरचा.

आपल्या पेशींत प्रथिनं तयार होतात. कपाटात ठेवण्याआधी साडीची नीट घडी घालावी, तशी त्यांचीही घडी पडावी लागते. बरीचशी प्रथिनं ज्या जागी घडी घेतात, तिला म्हणतात 'एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम'. नाव अवघड, काम अगदी घरगुती! काम हाताबाहेर गेलं, की न पडलेल्या घड्यांचा ढीग साचतो. मग पेशी आतल्या आत ओरडा करते: नवं काम थांबवा, बिघडलेलं टाकून द्या, जादा हात बोलवा. या ओरड्याचा शोध लावणारे काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांना २०१४ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

आता याचा दम्याशी काय संबंध? दम्याच्या पुष्कळ रोग्यांच्या श्वासनलिकांत 'इओसिनोफिल' नावाच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात आणि सूज आणतात. २०१५ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ताणाच्या वेळी धावून येणारं 'एक्सबीपी-१' हे प्रथिन रक्तपेशींत नसेल, तर इओसिनोफिल तयारच होत नाहीत. २००७ साली लहानपणच्या दम्याशी 'ओआरएमडीएल-३' या जनुकाचा संबंध आढळला. त्याचं प्रथिनही त्याच घड्यांच्या जागी राहतं!

म्हणूनच धाप नसली, तरी आत सूज असू शकते. रोजचा स्टिरॉइडचा पंप ती सूज उतरवतो. दम लागल्यावर घ्यायचा निळा पंप नुसत्या नळ्या मोकळ्या करतो. "बरं वाटतंय ना? मग पंप कशाला? सवय लागेल," असं सासूबाई म्हणाल्या. मी म्हटलं, "आई, कपाटाचं दार लावलं म्हणून आतल्या साड्यांच्या घड्या पडतात का हो?" त्या हसल्या, पण पुन्हा काही बोलल्या नाहीत.

तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा पंप सोडू नका. पंप घेतल्यावर चूळ भरा. उदबत्ती, डासांची कॉईल, फोडणीचा धूर यांपासून लांब राहा; धुरानंही पेशींवरचा ताण वाढतो. आणि कुणी स्वभावाला बोल लावला, तर त्यांना ही घड्यांची गोष्ट जरूर सांगा!